दशमांश आधी की नणंदेचे पैसे?

पत्राचा सारांश : अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका भगिनीने लिहिलं आहे. पती एमआयडीसीतल्या कारखान्यात, त्या खाजगी शाळेत. घरात सासूबाई आणि दोन शाळकरी मुलं. दोघांचा पगार मिळून हातात ५०,००० रुपये येतात. सासूबाईंच्या शस्त्रक्रियेच्या वेळी वैयक्तिक कर्ज काढलं, क्रेडिट कार्ड वापरलं आणि पतीच्या मोठ्या बहिणीकडून ६०,००० रुपये बिनव्याजी घेतले. आई अतिदक्षता विभागात असताना पतीने मंडळीच्या (चर्चच्या) इमारत निधीला ५०,००० देण्याचा नवस केला. त्यातले १५,००० दिले, ३५,००० राहिले. आता नणंदेच्या मुलाची इंजिनिअरिंगची फी जुलैत भरायची आहे. तिने फोनवर एकदाच विचारलं, "थोडे जमतील का?" पती म्हणतात, महिन्याचे ५,००० दशमांश (मिळकतीचा दहावा भाग मंडळीला) आधी, कारण देवाचं देवाला. एका महिन्यात दशमांश चुकला आणि त्याच आठवड्यात त्यांची स्कूटर घसरली, तेव्हापासून ते याबाबत काही ऐकून घेत नाहीत. या भगिनीला वाटतं, कर्ज फिटेपर्यंत दान पूर्ण बंद करावं. त्या विचारतात : आधी कोणाचं, देवाचं की माणसाचं?

ताई,

तुमच्या घरात हा वाद व्हावा, याचा अर्थ दोघांनाही देणं बुडवायचं नाही. त्यांना देवाचं बुडवायचं नाही, तुम्हाला नणंदेचं. तेव्हा यजमानांना आडमुठे समजू नका. आई मृत्यूच्या दारात असताना केलेला नवस आणि त्यानंतरची स्कूटर, या दोन गोष्टींनी त्यांच्या मनात भीती बसली आहे. भीतीला हिशेब दाखवून उपयोग होत नाही. म्हणून पैशाकडे नंतर येऊ, आधी शास्त्राकडे जाऊ.

"आधी देवाचं की माणसाचं" या प्रश्नात एक गृहीत लपलं आहे : देव आणि नणंद हे दोन वेगळे सावकार आहेत, दोघांनी दारात रांग लावली आहे आणि पुढे कोणाला उभं करायचं ते तुम्ही ठरवायचं. ही रांग येशूने मोडली आहे. मार्कच्या सातव्या अध्यायात (वचन ९ ते १३) तो परूश्यांना, म्हणजे कडव्या धर्मपंडितांना, सुनावतो. आईवडिलांना लागणारा पैसा 'कुर्बान' म्हणून, म्हणजे देवाला अर्पण म्हणून, जाहीर केला की मुलगा त्यांच्या जबाबदारीतून सुटला, असं ते शिकवत. येशू म्हणतो, अशाने तुम्ही देवाचंच वचन रद्द करता. हा पैसा दारूत किंवा जुगारात गेला नव्हता, देवाच्या नावाने गेला होता. तरीही त्याने तो चुकीचा ठरवला, कारण त्यावर आधीच दुसऱ्या कोणाचा हक्क होता.

यजमान ज्या वचनाचा आधार घेतात, "कैसराचे ते कैसराला आणि देवाचे ते देवाला", त्यातही दानाच्या क्रमाबद्दल काही नाही. प्रश्न कैसराला, म्हणजे रोमी सम्राटाला, कर देण्याचा होता. येशूने दिनार मागवला आणि त्यावर कोणाचा मुखवटा (चेहरा) आहे ते विचारलं. नाण्यावर कैसराची प्रतिमा होती. देवाची प्रतिमा कशावर आहे, ते उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात सांगितलं आहे : माणसावर. नणंदबाई त्या माणसांत येतात.

आता मलाखी संदेष्ट्याचं पुस्तक. दशमांश न देऊन तुम्ही "देवाला ठकवता" हे त्यातलं वचन (३:८) वर्षातून दोनदा तरी बहुतेक मंडळ्यांत ऐकू येतं, आणि ते खरंच कडक आहे. पण दशमांश तेव्हा काय होता, ते पाहा. तो शेताच्या उत्पन्नावर आणि गुराढोरांवर होता : धान्य, द्राक्षारस, तेल, आणि कळपातलं काठीखालून जाणारं दर दहावं जनावर (लेवीय २७:३०-३२). तो लेव्यांना, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशाला, जाई, कारण त्यांना जमिनीचा वाटा नव्हता (गणना १८:२१-२४). अनुवाद या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात तर दशमांश घेऊन कुटुंबाने देवापुढे जेवावं, आनंद करावा असं सांगितलं आहे, आणि दर तिसऱ्या वर्षी तो गावातच ठेवून लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांना पोटभर द्यावा असं. नहेम्याच्या तेराव्या अध्यायात दिसतं की भांडार रिकामं पडल्यामुळे लेवी सेवा सोडून आपापल्या शेतांवर निघून गेले होते. मलाखीची तक्रार त्याच जातीची आहे : ज्यांच्याकडे पीक होतं ते देत नव्हते. एखाद्या कर्जबाजारी बाईला धमकावण्यासाठी ते वचन लिहिलेलं नाही. आणि यजमानांना मलाखीच्या त्याच तिसऱ्या अध्यायाचं पाचवं वचन वाचायला सांगा. दशमांशाच्या तीन वचनं आधी देव म्हणतो की मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांविरुद्ध, विधवा आणि अनाथांना छळणाऱ्यांविरुद्ध तो स्वतः साक्ष देईल. आठवं वचन वाचून पाचवं सोडता येत नाही.

तुमच्या घराला सगळ्यांत जवळचा उतारा २ राजे, चौथ्या अध्यायात आहे. संदेष्ट्याच्या एका शिष्याची विधवा अलीशा संदेष्ट्याकडे येते. सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम म्हणून न्यायला आला आहे. घरात तेलाचं एक भांडं सोडून काही नाही. शेजाऱ्यांकडून मागून आणलेली भांडी तेलाने भरत जातात. तेल देवाने दिलेलं, तेही चमत्काराने. अशा तेलाचा दहावा भाग तरी अलीशाने मागायला हरकत नव्हती. तो म्हणतो : जा, तेल विक, तुझं कर्ज फेड आणि उरेल त्यावर तू आणि तुझी मुलं जगा. आधी कर्ज, मग पोट. स्वतःसाठी किंवा वेदीसाठी तो काही मागत नाही. मंडळीत सारफथच्या विधवेवर पुष्कळ प्रवचनं होतात, जिने शेवटच्या पिठाची भाकर आधी एलीया संदेष्ट्याला दिली. ती गोष्टही खरी आहे. पण तिच्या डोक्यावर कोणाचं देणं असल्याचा उल्लेख नाही. ती जे देत होती ते तिचं स्वतःचं होतं.

फरक इथेच आहे. हप्ता वेळेवर जात असलेलं कर्ज आणि थकलेलं कर्ज या वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या वैयक्तिक कर्जाचा ७,५०० चा हप्ता दरमहा जातो, म्हणजे बँकेला दिलेला शब्द तुम्ही पाळता आहात. ते कर्ज आहे म्हणून दान थांबवायची गरज नाही. नाहीतर २० वर्षांचं गृहकर्ज घेतलेल्या माणसाने २० वर्षं हात आखडता घ्यावा, असं होईल. पण नणंदेने पैसे मागितले आहेत आणि तिला त्यांची गरज आहे. नीतिसूत्रे ३:२८ सांगतं, जवळ असताना शेजाऱ्याला "उद्या ये, मग देईन" म्हणू नको. तिने मागितलं त्या दिवसापासून दरमहा दशमांशाच्या पाकिटात जाणाऱ्या ५,००० रुपयांतला बराच भाग तिचा आहे. दुसऱ्याच्या पैशाने केलेलं दान आपलं होत नाही.

तरीही दान पूर्ण बंद करू नका. इथे माझं तुमच्याशीही जुळत नाही. एक कारण मंडळीचं. आपल्याकडच्या लहान मंडळ्यांत पाळकांचं मानधन, वीजबिल आणि गळणारं छप्पर हे सगळं दर रविवारच्या थैलीवर चालतं. तुम्ही तिथे उपासनेला बसता, मुलं संडे स्कूलला जातात, सासूबाईंसाठी मंडळीने प्रार्थना केली. दुसरं कारण तुमचं. पूर्ण बंद केलेलं दान पुन्हा सुरू होणं फार अवघड जातं. कर्ज फिटतं, तोवर मुलांचा क्लास येतो, मोबाईल जुना होतो आणि दानाची जागा दुसऱ्या कशाने तरी भरून जाते. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला दोन गोष्टी सांगतो. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढावं (१ करिंथ १६:२). आणि जवळ नाही त्याप्रमाणे नव्हे, आहे त्याप्रमाणे दिलेलं मान्य होतं. दुसऱ्यांना सुटका आणि तुम्हाला ओझं असं होऊ नये (२ करिंथ ८:१२-१३). दोन्ही धरून चला. मिझोराममधल्या मंडळ्यांत १९१० पासून घरोघरी स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ देवासाठी वेगळा काढतात. मूठ लहान असली तरी ती रोज काढली जाते.

आता हिशेब. तुम्ही पाठवलेले आकडे मांडतो : घरभाडं ९,०००, घरखर्च १७,०००, मुलांची फी ५,०००, सासूबाईंची औषधं २,५००, वैयक्तिक कर्जाचा हप्ता ७,५००, क्रेडिट कार्डाला ४,५००. झाले ४५,५००. त्यावर दशमांश ५,०००. एकूण ५०,५००. म्हणजे दरमहा ५०० रुपये कमी पडतात, आणि ते कार्डावर जातात.

खरी गळती कार्डात आहे. ८५,००० ची बाकी आणि महिना साडेतीन टक्के व्याज म्हणजे २,९७५ रुपये. व्याजावर १८ टक्के जीएसटी, साधारण ५३५. तुम्ही भरता त्या ४,५०० मधले ३,५१० असेच जातात. मुद्दल कमी होते ९९० ने, आणि वर ५०० ची नवी खरेदी त्याच कार्डावर. म्हणजे वर्षभर इमाने भरूनही कर्ज जेमतेम सात हजारांनी उतरेल. शिवाय मागची बाकी असताना कार्डावर घेतलेल्या नव्या वस्तूला बिनव्याजी मुदत मिळत नाही. किराणा घेतला त्या दिवसापासून त्यावर व्याज चढतं. तेव्हा आजपासून कार्ड वापरायचं नाही. मोबाईलमधल्या खरेदीच्या अ‍ॅपमध्ये त्याचा नंबर साठवला असेल तर तोही काढून टाका, मोह तिथेच होतो.

तुमच्या दोन बांगड्या कपाटात आहेत असं लिहिलं आहे. त्या विकू नका. बँकेतून त्यांवर सोनेतारण कर्ज काढा आणि कार्ड एकाच वेळी पूर्ण फेडा. बँकांचा दर साधारण ९ ते १२ टक्क्यांच्या आसपास असतो, वर्षाला. कार्डाचे साडेतीन टक्के महिन्याला आहेत, हे विसरू नका. १२ टक्के धरले तरी ८५,००० चा २४ महिन्यांचा हप्ता सुमारे ४,००० बसतो आणि दोन वर्षांत विषय संपतो. एक काळजी घ्या : बँकेत "दरमहा मुद्दल आणि व्याज असा हप्ता हवा" हे स्पष्ट सांगा. पुष्कळ सोनेतारण कर्जांत वर्षाअखेरीस सगळी रक्कम एकदम भरायची असते. ती भरता आली नाही की लोक कर्जाचं नूतनीकरण करत राहतात आणि शेवटी दागिना लिलावात जातो. सही करण्याआधी परतफेडीचा तक्ता मागून घ्या.

मग चित्र असं होतं. कार्ड आणि दशमांश सोडून खर्च ४१,०००, सोनेतारणाचा हप्ता ४,०००, उरले ५,०००. त्यातले ३,५०० नणंदेला, १,००० अर्पण आणि ५०० अडीअडचणीला. दिवाळीला यजमानांना २०,००० बोनस मिळतो तो अख्खा नणंदेला द्या. अशाने तिचे ६०,००० वर्षभरात फिटतात. जुलैत मोठी रक्कम हातात नसेल, म्हणून तिला आत्ताच विचारा की फीचा पहिला हप्ता किती आणि कोणत्या तारखेला आहे. तिला तुमचे पैसे कधी आणि किती येणार हे कळलं, तर बाकीची सोय ती करू शकेल. अनिश्चितता तिला जास्त छळत असेल. ५०० ची पुरचुंडी लहान वाटली तरी सोडू नका. ती नसेल तर पुढचा ताप पुन्हा कार्डावरच जाईल. आणि सासूबाईंनी वयाची ७० वर्षं पूर्ण केली असतील तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार त्यात येतात.

डिसेंबर मात्र सांभाळा. नाताळचे कपडे, फराळ, पाहुणे, लग्नांचे आहेर, सगळं एकाच महिन्यात येतं, आणि अशी कार्डं बहुतेक डिसेंबरातच भरतात. यंदा कपडे फक्त मुलांना. करंज्या घरी होतीलच.

नवसाचं काय? "नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा" हे उपदेशक या पुस्तकातलं वचन (५:५) यजमानांना टोचत असणार. नवस मोडा असं मी म्हणणार नाही. पण नवसाचे नियम ज्या अध्यायात आहेत, त्याच लेवीय २७ मध्ये आठवं वचन आहे. तिथे वीस ते साठ वयाच्या पुरुषाच्या नवसाचं मोल ५० शेकेल ठरलेलं आहे, आणि लगेच पुढे म्हटलं आहे की नवस करणाऱ्याची तेवढी ऐपत नसेल तर त्याने याजकापुढे जावं आणि याजकाने त्याच्या ऐपतीप्रमाणे मोल ठरवावं. नियमशास्त्रातच ही वाट आहे. अर्पणालाही ती आहे : ज्या बाईला कोकरू परवडत नाही तिने पक्ष्यांची जोडी आणावी (लेवीय १२:८). येशूच्या जन्मानंतर मरीया आणि योसेफ यांनी पक्षीच नेले (लूक २:२४). गरिबाचं अर्पण आणल्याची लाज त्या घराला वाटली नाही.

तेव्हा दोघांनी मिळून पाळकांना भेटा आणि कमिटीला लेखी द्या. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं, आणि वार्षिक अहवालात नावापुढे 'बाकी' छापून आलं की मन दुखतं. मजकूर एवढाच पुरे : "प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सलाम. इमारत निधीस आम्ही ५०,००० रुपये देण्याचा नवस केला होता. पैकी १५,००० दिले आहेत. आईच्या आजारपणातील कर्ज व नातेवाइकांचे देणे फेडत असल्याने उर्वरित रक्कम सध्या देता येत नाही. पुढील जूनपासून दरमहा ऐपतीप्रमाणे देऊ. कृपया नोंद घ्यावी." खाली दोघांच्या सह्या. एक प्रत स्वतःजवळ ठेवा. मनातली गोष्टही विचारून टाका : वर्गणी कमी झाली तर मतदानाच्या यादीवर किंवा दफनभूमीच्या परवानगीवर परिणाम होतो का? प्रत्येक मंडळीची घटना वेगळी असते, आणि बहुतेक ठिकाणी अडचणीतल्या कुटुंबाला कमिटी सूट देऊ शकते. मात्र ती मागावी लागते. वसई-गोव्याकडच्या कॅथलिक वाचकांसाठी : चर्चच्या गरजांना हातभार लावणं हे तुमच्या कॅनन कायद्याने कर्तव्य आहे (कॅनन २२२), पण तिथे टक्केवारी नाही, आणि गरिबीमुळे कोणी संस्कारांपासून वंचित राहू नये हेही त्यातच लिहिलं आहे (कॅनन ८४८).

यजमानांच्या स्कूटरबद्दल तुम्ही वाद घालू नका. त्यांच्याबरोबर बसून लूकचा तेरावा अध्याय वाचा. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली. ती इतरांपेक्षा जास्त दोषी होती का, असं येशू विचारतो आणि स्वतःच म्हणतो, नाही. घाबरून दिलेल्या दशमांशात पौलाने सांगितलेला आनंद (२ करिंथ ९:७) उरत नाही, आणि ते बहुधा त्यांनाही जाणवत असेल.

अशाच अडचणीतल्या इतरांसाठी थोडं. ज्यांच्याकडे कामाला माणसं आहेत त्यांनी मजुरांची मजुरी आणि ग्राहकांकडून घेतलेला जीएसटी आपलं उत्पन्न धरू नये. ती रक्कम बाजूला काढूनच दशमांश मोजावा. शेतकऱ्याने बियाणं, खत, मजुरी वजा जाता उरलेल्यावर मोजावं, आणि ते महिन्याला न देता पीक आल्यावर दिलं तरी चालतं. हंगामाचा सण त्यासाठीच आहे. पगारदार विचारतात, कापलेला भविष्य निर्वाह निधी धरायचा का? हातात येईल तेव्हा धरा. टीव्हीवर किंवा मोबाईलवर "बीज पेरा, शंभरपट मिळेल" म्हणत कोणी स्वतःच्या खात्यात पैसे मागत असेल तर देऊ नका. दान नोंदणीकृत न्यासाला द्यावं, पावती घ्यावी, वार्षिक हिशेब मागावा. महाराष्ट्रात हे न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले असतात, आणि हिशेब विचारणं हा अविश्वास नाही.

ताई, पुढच्या वर्षीच्या जूनची एक तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहा. तोवर नणंदेचे पैसे फिटलेले असतील आणि ३,५०० मोकळे होतील. त्या दिवशी बसून अर्पण किती वाढवायचं आणि नवसाकडे किती वळवायचं ते ठरवा. तारीख लिहिलेली दिसली की आपण दशमांश सोडत नाही, थोडा लांबवतो आहोत, हे यजमानांना पटायला सोपं जाईल. नणंदेला पहिले ३,५०० पगार झाल्याच्या दिवशीच खात्यात टाका, म्हणजे नंतर कोणाचा घोळ नको. फोन मात्र तुम्ही करू नका, यजमानांनी करावा. बहीण त्यांची आहे, आणि तिने "जमतील का" हे त्यांनाच विचारलं होतं.